लांब पल्ल्यासाठी काडतूस: आधी रायफल काय पचवते ते बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांग. तू मूळचा खानापूर तालुक्यातला, आता ग्रीन कार्डावर ह्यूस्टनजवळ राहतोस. एआर-१० घाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतलीस, .३०८ विंचेस्टर, बॅरल २० इंची. १०० यार्डांवर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, बरा येतो, ६०० वर पांगतो, आणि पुढं १००० यार्डांची हौस आहे. क्लबातला एक जण सांगतो १६८ ग्रेन वजनाची गोळी घे, दुसरा १७५ म्हणतो, तिसरा म्हणतो स्वस्तातली मिलिटरी बॉल, म्हणजे साधी लष्करी काडतुसं, मारत राहा, चौथ्याचं म्हणणं काडतुसं घरीच भर. शेवटी तू विचारलंस, "काका, यातलं बेस्ट कुठलं?"

वयाचा फायदा घेऊन तुला अरे-तुरे करतो. मी बेळगावचा, मराठा सेंटरच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. पलटणीत असताना वर्षानुवर्षं शस्त्र प्रशिक्षण दिलं, फायरिंग टीममध्ये होतो. हातात असायची ती इशापूरची ७.६२ एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), म्हणजे तुझ्या रायफलीची थोरली चुलत बहीणच म्हण. निवृत्तीनंतर पोरांना पॉइंट टू-टू (.२२ ची छोटी रायफल) शिकवतो. आणि अमेरिकेत मुलाकडे सहा महिने होतो तेव्हा त्याच्या .३०८ मागे दुर्बीण आणि वही घेऊन दर रविवारी बसलो. फायर तो करायचा. पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्याला तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद आहेत, पण म्हाताऱ्यानं कशाला भानगडीत पडा. वर्क व्हिसावरच्या मित्रांना रेंजवर नेत असशील तर हा नियम त्यांनाही लागू आहे, एवढं त्यांच्या कानावर घाल.

आता मुद्दा. तुझा खरा प्रश्न कुठलं काडतूस बेस्ट हा नाहीच. बोल्ट अ‍ॅक्शनवाला तसं विचारू शकतो, कारण तो काडतूस हातानं, हळुवार, एकेक करून चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या पोकळीत, सरकवतो. तुझी रायफल ते मॅगझिनमधून ओरबाडून काढते, रॅम्पवर आपटून आत ढकलते, आणि उडालेल्या गोळीच्या गॅसवर पुढचं उचलते. म्हणजे काडतुसावर तू दोन कामं टाकलीस: लांबवर नेमकं जायचं, आणि जाता जाता यंत्रही चालवायचं. दुसरं काम दर वेळी सारखं झालं नाही तर पहिलं बिघडतं. म्हणून प्रश्न असा हवा: माझी रायफल दहाच्या दहा वेळा कुठलं काडतूस सारखंच चालवते, आणि ते मला हव्या अंतरापर्यंत टिकतं का?

याचं उत्तर तुझ्या बॅरलवर, गॅसच्या छिद्रावर, रेंजच्या उंचीवर आणि खिशावर अवलंबून आहे. त्यामुळं डबीचं नाव सांगून मोकळा होणारा माणूस उंटावरून शेळ्या हाकतोय असं समज. सुरुवात कुठून करायची, एवढं मी सांगू शकतो.

सुरुवात अंतरापासून. ६०० आणि १००० हे दोन वेगळे खेळ आहेत. ६०० यार्डांच्या अमेरिकन हायपॉवर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १२ इंचांचं असतं आणि आतलं एक्स ६ इंचांचं. १००० यार्डांवर दहा २० इंचांचं, एक्स १० इंचांचं. म्हणजे दोन्हीकडे दहा मारायला साधारण दोन मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनातच राहायचं असतं, पण १००० वर गोळीची अवस्था पार बदललेली असते. ह्यूस्टन समुद्रसपाटीला लागून, हवा दाट. .३०८ ची १६८ ग्रेनची मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) गोळी कारखान्याच्या आकड्यानुसार सेकंदाला २६५० फुटांनी निघते आणि तसल्या हवेत १००० यार्डांच्या आधीच आवाजाच्या वेगाखाली येते. ते ओलांडताना तिला धक्का बसतो. सगळ्या गोळ्यांना बसतो, पण काही सावरतात आणि काही भोवऱ्यासारख्या डुलायला लागतात. जुनी सिएरा मॅचकिंग १६८ ही डुलणाऱ्यांतली. तिचा दोष नाही. ती १९५९ च्या सुमारास ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीसाठी घडवली होती आणि त्या कामाला आजही सोन्यासारखी आहे. तिच्या शेपटीचा निमुळतेपणा १३ अंशांचा, तर १७५ ग्रेनवाल्या बहिणीचा ९ अंशांचा. हा चार अंशांचा फरक ८०० यार्डांच्या पुढं कळतो. अमेरिकन लष्करानं लांब पल्ल्याच्या एम-११८ एलआर काडतुसात १७५ घातली ती यासाठीच.

आणि डबीवरचे वेग बहुतेक २४ इंची बॅरलचे असतात. तुझी २० इंची. दर इंचाला वीस-पंचवीस फूट वजा धर, म्हणजे १७५ ग्रेनची गोळी २६०० ऐवजी २५०० च्या आसपास निघणार. १००० यार्डांना पोचेपर्यंत ती आवाजाच्या उंबरठ्यावर असेल. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. इथं हवा विरळ, तीच गोळी आणखी थोडी लांब टिकेल. तू लिहिलंस की ह्यूस्टनच्या दमट हवेत गोळी "जड हवेतून" जाते. उलट आहे. बाष्प असलेली हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, आणि तो फरक इतका चिमूटभर की विसरून जा. तापमान आणि उंची बघ.

तेव्हा ६०० पर्यंत १६८ किंवा १७५, दोन्ही चालतील, जी तुझ्या बॅरलला आवडेल ती. १००० चा विचार असेल तर आत्तापासून १७५ वर बस. लांब नाकाच्या नव्या १७८ ग्रेन गोळ्याही आहेत, हवा कापायला चांगल्या, कारखान्यातूनच मॅगझिनच्या मापात येतात. त्याच्या वर, १९०, २०० ग्रेनच्या वाटेला या रायफलीत जाऊ नकोस, का ते पुढं सांगतो.

ग्रेन म्हणजे किती, हे पोरांना समजावताना मी सराफाची आठवण देतो. जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, हा नेमका १८० ग्रेनचा. म्हणजे तुझी १७५ ग्रेनची गोळी तोळ्याला अडीच-तीन गुंजाच कमी. तोळाभर शिसं-तांबं ६०० यार्डांवर एका ताटाएवढ्या वर्तुळात सोडायचंय, असं म्हटलं की पोरं गप्प होतात.

गोळी बॅरलमध्ये पुरेशी फिरते का, ते पण बघ. तुझ्या घाटणीच्या बहुतेक रायफलींत १० इंचांत एक फेरा असतो, आणि १७५-१७८ ला तो उत्तम. १२ इंचांत एक असेल तरी १६८ आणि १७५ चालून जातात. बॅरलवर लिहिलेलं नसेल तर क्लीनिंग रॉडवर घट्ट चिंदी लाव, अर्थात रायफल रिकामी करून, दोनदा बघून. रॉडला शाईची खूण कर, हँडल मोकळं फिरणारं असू दे आणि सावकाश ढकल. खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत रॉड किती आत गेला ते मोज. दहा मिनिटांचं काम आहे.

आता यंत्राकडे येऊ. तुझ्या क्लबातले चौघेही याबद्दल बोलले नाहीत.

एसएलआरला गॅस रेग्युलेटर असायचा. आम्हाला उस्तादांनी शिकवलेली रीत अशी: रेग्युलेटर पूर्ण उघडायचा म्हणजे गॅस वाया जाईल, मग एकेक टिचकी बंद करत फायर करायचा, खोकं (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) नीट बाहेर पडायला लागलं की वर आणखी दोन टिचक्या. रायफलीला गरजेपुरताच गॅस. जास्त गॅस दिलास तरी चालते, पण धसमुसळी चालते. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागं आपटतो, खोक्याची कड ओरखडली जाते, निशाण्यावरून नाळ उडते. तुझ्या रायफलीत रेग्युलेटर असेलच असं नाही, तेव्हा काडतूसच रेग्युलेटरचं काम करतं. जड गोळ्या आणि सावकाश जळणारी पावडर यांचा दाब बॅरलमध्ये उशिरापर्यंत टिकतो, म्हणजे गॅसच्या छिद्रापाशी तो जास्त असतो. २०० ग्रेनची गोळी बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये गुणी वागेल, तुझ्याकडे ती सुटे भाग लवकर झिजवेल.

म्हणून फायर झाल्यावर खोकी उचलून बघायची सवय लाव. पलटणीत आम्हाला ती सक्तीनं लागली. फायरिंग संपलं की खाली खोकी मोजून जमा करायची, आणि एक कमी भरलं तर अख्खी प्लाटून गुडघ्यांवर, गवतात हात घालून. एकदा पावसाळ्यात तीन तास शोधलं, शेवटी एका जवानाच्या बुटात सापडलं. तो राग आता गेला, पण खोकं हातात घेऊन बघायची सवय राहिली. काय बघायचं: बुडाची कड वाकलीय का, एक्स्ट्रॅक्टरनं (खोकं ओढून काढणाऱ्या आकड्यानं) चिमटा काढलाय का, बुडावर पितळेचा चकाकता गोल ठिपका उमटलाय का, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) चपटा होऊन कडेपर्यंत पसरलाय का. खोकी उजवीकडे थोडी मागं, घड्याळाच्या तीन-चारच्या दिशेला, एकाच ढिगात पडत असतील तर रायफल खूष आहे. एक इथं, एक पुढं, एक डोक्यावरून असं होत असेल तर ६०० यार्डांवर पांगण्याचं निम्मं उत्तर तुझ्या पायाशी पडलंय.

दुसरं, लांबी. तुझ्या मॅगझिनमध्ये सुमारे २.८० इंचांचं काडतूस मावतं. गोळी रायफलिंगच्या (बॅरलमधल्या पिळाच्या खाचांच्या) जवळ बसवून नेमकेपणा मिळवायची बोल्टवाल्यांची युक्ती इथं चालत नाही. ते काडतूस मॅगझिनमध्येच जाणार नाही, आणि एकेक करून चेंबरमध्ये टाकायचं तर त्यात धोका आहे. तुझ्या घाटणीच्या बऱ्याच रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते, मागं धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट बंद होताना पिन पुढं सरकून प्रायमरला हलका टिचका मारते. चेंबर केलेलं काडतूस काढून बघ, प्रायमरवर बारीकशी खळी दिसेल. कारखान्याच्या चांगल्या काडतुसात ती निरुपद्रवी. पण मऊ प्रायमर असेल आणि चेंबरमध्ये सुटं टाकलेल्या काडतुसावर बोल्ट पूर्ण वेगानं सुटला, तर ट्रिगरला बोट न लावता गोळी उडू शकते. मॅगझिनमधून भरलं की बोल्टचा वेग थोडा मारला जातो. तेव्हा एकच गोळी मारायची असली तरी ती मॅगझिनमधूनच, आणि बॅरल कायम टार्गेटकडे.

तिसरं, गोळी खोक्यात किती घट्ट बसलीय. हे तपासायला साधा डायल कॅलिपर पुरे. एका काडतुसाची लांबी मोज, वहीत लिही. रेंजवर, टार्गेटकडे तोंड करून, मॅगझिनमधून ते चेंबर कर, फायर न करता बाहेर काढ, परत मोज. असं पाच काडतुसांचं कर. लांबी तीच राहिली तर उत्तम. आखूड झाली तर गोळी आत ढकलली जातेय, आणि तो धोका आहे, कारण दाब वाढतो. ती डबी बाजूला ठेव. लांब झाली तर बोल्ट थांबल्यावर गोळी जडत्वानं पुढं सरकतेय. मुलाकडे एका महागड्या डबीत हे दिसलं. पाचातली दोन केसभर पुढं सरकली होती. डबीवर मॅच लिहिलेलं, भावही मॅचचा, आणि १०० यार्डांवर सुंदर ग्रुप. ६०० वर वरखाली हातभर.

१०० यार्डांचा ग्रुप फसवतो तो असा. हा मुद्दा नीट समजून घे, तुझी तक्रार नेमकी हीच आहे. समजा दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ५० फुटांचा फरक आहे. १०० यार्डांवर तो डोळ्याला दिसतही नाही. ६०० वर चार-पाच इंच वरखाली, १००० वर दीड फुटाच्या आसपास. म्हणजे १०० यार्डांवर तू बॅरल आणि गोळी तपासतोस, पावडर आणि प्रायमर तपासतच नाहीस. त्यासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लागतो. विकत घ्यायची गरज नाही, क्लबात कुणाकडे तरी असतो. एका डबीतल्या दहा गोळ्यांचा वेग घे आणि सगळ्यात जलद व सगळ्यात मंद यांतला फरक बघ. पन्नासच्या खाली असेल तर ६०० ला चालेल. तीसच्या आत मिळाला तर दुकानात परत जा आणि त्याच लॉटच्या (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या) जेवढ्या परवडतील तेवढ्या डब्या घे.

लॉट. यावर माझी एक जुनी जखम आहे. ब्रिगेडची स्पर्धा, ३०० चा टप्पा, मी टीमचा शेवटचा नेमबाज. पहिल्या पाच गोळ्या बुलात, बट पार्टीची (टार्गेटखालून मार दाखवणाऱ्यांची) काठी मधेच थांबतेय. मग एक वर, एक मधे, एक वर, एक मधे. मी श्वास सावरतोय, शिस्त परत परत घेतोय, मनात स्वतःला शिव्या घालतोय. हरलो. संध्याकाळी खोकी जमा करताना बुडाचे शिक्के वाचले, तर दोन वेगळी सालं. आदल्या रात्री मॅगझिन मीच भरलं होतं, दोन पेट्यांतून, कंदिलाच्या उजेडात, गप्पा मारत. काडतुसं दोन्ही चांगली होती. मिसळली ती मी. तेव्हापासून पोरांच्या पॉइंट टू-टूच्या डब्यांवरचा लॉट नंबरसुद्धा मी स्वतः वाचतो, आणि ५० मीटरवर एकाच कंपनीच्या दोन लॉटांत दिसणारा फरक त्यांना कागदावर दाखवतो. तूही डबीच्या फ्लॅपवरचा नंबर बघूनच पैसे दे, आणि लॉट बदलला की झिरो (नेम आणि गोळी यांचा मेळ) नव्यानं कर.

स्वस्त मिलिटरी बॉलचं काय? १४७ ग्रेनची एम-८० पद्धतीची बॉल ही माणसाएवढ्या टार्गेटवर, हजारो जवानांच्या हजारो रायफलींत अडकू नये म्हणून केलेली. आमची यायची ती खडकीहून किंवा वरणगावहून, आणि चिखलात, थंडीत, राजस्थानच्या धुळीत चालायची. तिच्याकडून मॅचचा ग्रुप मागणं म्हणजे बैलगाडीच्या बैलाला शर्यतीत धरण्यासारखं. पण शिकायला ती वाईट नाही. बैठक, ट्रिगर, डोळा मिटण्याची खोड, हे २०० यार्डांवर बॉलनं शिकता येतं, आणि पैसे वाचतात. फक्त तीन गोष्टी बघ. बॅरलवर .३०८ लिहिलंय की ७.६२; दोन्ही काडतुसं दिसायला एकच असली तरी चेंबरच्या मापांत थोडा फरक असतो, म्हणून रायफलीच्या पुस्तकात चालतं असं लिहिलं असेल तरच वापर. गोळीला चुंबक लावून बघ; पोलादी गाभा किंवा पोलादी आवरण असेल तर बऱ्याच रेंजेसवर ती मनाई असते, कारण स्टीलची टार्गेटं खराब होतात आणि वाळल्या गवतात ठिणगी पडते. आणि जुन्या साठ्यातली असेल तर प्रायमर गंज धरणारा असू शकतो. थ्री-नॉट-थ्रीच्या जमान्यातले आमचे उस्ताद बॅरलमध्ये आधी उकळतं पाणी ओतायचे, मग फुल्थ्रू (बॅरल साफ करायची दोरी) आणि चिंदी, मग तेल. क्षार पाण्यातच विरघळतो, तेलात नाही.

घरी काडतूस भरण्याबद्दल थोडक्यात: आत्ता नको. सेमी-ऑटोमॅटिकसाठी भरणं हे बोल्टसाठी भरण्यापेक्षा कडक काम आहे. खोकं पूर्ण लांबीचं साइझ झालं (दाबून मूळ मापावर आणलं) पाहिजे, प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली आणि कडक जातीचा हवा, मान घट्ट हवी. वर्षभर कारखान्याची मॅच मार, वही भर, खोकी साठव. मग क्लबातल्या जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शीक, व्हिडिओ बघून नको.

आता प्रत्यक्ष चाचणी कशी करायची. तीन मॅच काडतुसं निवड, पन्नास-पन्नास गोळ्या, प्रत्येकाचा एकच लॉट: एक १६८, एक १७५, एक १७८. नाव हवंच असेल तर फेडरल गोल्ड मेडलच्या १६८ आणि १७५ पासून सुरुवात कर. लोक वर्षानुवर्षं इतर काडतुसं त्यांच्याशी ताडून बघतात. दर काडतुसामागे दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नकोस, तीन गोळ्या कुणाच्याही जवळ पडतात, माझ्याही पडतात अजून. सगळ्या मॅगझिनमधून, सावकाश. काडतूस बदललं की आधीच्याच्या खुणा बॅरलमधून निघून जाव्यात म्हणून पाच गोळ्या फुकट मार.

पहिल्या गोळीची वेगळी नोंद ठेव. ती तू हातानं भरतोस, पुढच्या गॅस भरतो, म्हणून बऱ्याच सेमी-ऑटो रायफलींत पहिली थोडी बाजूला जाते. बोल्ट हातानं सावकाश पुढं नेऊ नकोस, पूर्ण मागं ओढून सोड, म्हणजे फरक कमी होतो. मुलाच्या रायफलीत तो दीड इंच होता, १०० यार्डांवर, कायम डावीकडे वर. त्यानं दोन महिने स्कोपला दोष दिला.

टेक्सासचं ऊन विसरू नकोस. डबी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर पावडर तापते आणि वेग वाढतो. काही पावडरींत फॅरनहाइटच्या अंशामागे फूटभर. सलग फायर करून चेंबर तापलं असेल आणि तू वारा थांबायची वाट बघत काडतूस आत ठेवून बसलास तर ते आत शिजतं, आणि ती गोळी वर जाते. वाट बघायची तर चेंबर रिकामं ठेवून बघ. काडतुसं सावलीत, ओल्या पोत्याखाली नव्हे, नुसत्या पांढऱ्या कापडाखाली.

आणि वारा. हे ऐकायला तुला आवडणार नाही, पण ताशी १० मैलांचा आडवा वारा ६०० यार्डांवर १७५ ग्रेनच्या गोळीला तीस इंचांच्या आसपास ढकलतो. १६८ नेलीस तर त्याहून दोन-तीन इंच जास्त. म्हणजे डबी बदलून तुला दोन-तीन इंच मिळतात, आणि वारा ८ मैल की १२ मैल हे चुकलं तर बारा इंच जातात. पांगण आडवी आहे की उभी, हे तू लिहिलंच नाहीस. टार्गेटचा कागद घेऊन खिडकीत धर. उभी असेल तर वेग, लॉट, लांबी, ऊन, वर सांगितलं ते सगळं तपास. आडवी असेल तर काडतुसाला दोष देऊ नकोस, नाचता येईना अंगण वाकडं होईल. मी पोरांना हिवाळ्यात उसाच्या फडाकडे तोंड करून बसवतो. तुरे आलेले असतात. जवळचा तुरा कुठं झुकतो, लांबचा कुठं, आणि दोन्ही एकाच वेळी सरळ कधी होतात, एवढंच अर्धा तास बघायचं, बंदुकीविना. तिथं ऊस नसेल, गवत आणि उन्हाची झळ असेल. दुर्बीण टार्गेटच्या थोडी अलीकडे फोकस कर, झळ वाहताना दिसेल.

खरेदीपुरतं एकदा परत: ६०० साठी १६८ किंवा १७५, १००० साठी १७५-१७८, मॅगझिनच्या लांबीत, कारखान्याची, एका लॉटची, आणि सरावाला वेगळी स्वस्त डबी, पण दोन्ही एका मॅगझिनमध्ये कधीच नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. गणपतीला गावी येणार म्हणतोस. रेंजवर नेतोस ती बॅग प्रवासाला आणू नकोस. जाकिटाचा खिसा, बॅगेच्या अस्तरातली फट, कॅमेऱ्याची पिशवी, सगळं उलटं करून झटक. आपल्याकडे ७.६२ हा प्रोहिबिटेड बोअर आहे, आणि परवान्याविना एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्ट लागतो. "चुकून राहिलं" हे सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ओळखीच्या एका घरातला पोरगा असाच अडकला, बॅगेच्या तळाशी एकच होतं. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यातली बरीचशी वकिलाच्या बाकावर गेली. रिकामं खोकंही आठवण म्हणून आणू नकोस. सांबऱ्याला, आमच्या विमानतळावर, उतरलास की घरी ये, पण टार्गेटचे कागद मात्र घेऊन ये, पहिल्या गोळीवर पेनानं गोल करून. ओसरीवर बसून बघू.